विस्तव राखण्याची विद्या

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा प्रथम नेहमीचेच विषय मनात आले. लसीकरण, स्तनपान, मुलांचा आहार, पालकांची धास्ती. या विषयांवर मी अनेक वर्षे बोलत आलो आहे आणि आपणही ते सोशिकपणे ऐकत आला आहात. या वेळी मात्र चुलीवर लिहायचे ठरवले. त्यातही प्रश्न एकच : लाकूड अधिक वेळ जळावे म्हणून चुलीची हवा कमी केली, तर काय साधते आणि काय हातचे जाते? बालरोगतज्ज्ञाने चुलीत डोके का घालावे, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, माझ्या व्यवसायातील एक मोठी चूक या प्रश्नाशी निगडित आहे. ती सांगण्यापूर्वी थोडे मागे जाणे भाग आहे.

आजीची राख

आमचे मूळ घर खानापूर तालुक्यातले. पावसाळ्यात चार-चार दिवस सूर्यदर्शन न होणारा हा भाग. माझ्या लहानपणी, म्हणजे १९७० च्या दशकात, स्वयंपाकघरात मातीची चूल, तिला लागून वैल आणि मागे भाणस अशी रचना होती. रात्रीची जेवणे उरकली की आजी जळती लाकडे बाहेर ओढून विझवी, उरलेले निखारे एका जागी गोळा करी, त्यांत गोवरीचा एक तुकडा ठेवी आणि वरून राखेचा जाड थर ओढी. पहाटे राख बाजूला सारली की आत लालभडक विस्तव जागा असे. चार काटक्या, फुंकणीच्या दोन फुंका, आणि चूल पेटे. काड्याची पेटी लागत नसे. याला ती ‘विस्तव राखणे’ म्हणे. राख आणि राखणे यांचे नाते मला त्या वेळी केवळ भाषेतले वाटे. पुढे कळले की ते रसायनशास्त्रातलेही आहे. राखेचा थर हवा पूर्ण तोडत नाही, ती झिरपू देतो. विस्तव मरत नाही आणि भडकतही नाही.

न्हाणीघरात तांब्याचा बंब असे. मध्ये नळकांडे, त्यात ढलप्या आणि कोळसा, भोवती पाणी, खाली जाळी आणि राख पडण्याचे दार. हे दार उघडे असले की नळकांड्यातून आग घोंघावत वर जाई. शेवटची अंघोळ होईपर्यंत पाणी कढत राहावे म्हणून काका त्या दाराशी विटेचा तुकडा लावून ठेवीत. तिसरे साधन म्हणजे भुशाची शेगडी. लाकडाच्या वखारीतून पोत्याने भुसा येई. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी धरून, खालच्या भोकातून आडवे दांडके घालून, भुसा ठासून भरायचा. मग बाटली आणि दांडके हलकेच काढून घ्यायचे. खालच्या भोकातून हवा आत शिरे, मधल्या पोकळीत भुसा आतून बाहेर जळत जाई आणि शेगडी काही तास चाले. आच मंद करायची तर त्याच भोकात लाकूड सरकवायचे.

तिन्ही साधनांचा धडा एकच होता : हवा कमी, तर आग लांब. तो धडा खोटा नव्हता, अपुरा होता. तो किती अपुरा होता हे मला १९९९ च्या पावसाळ्यात कळले.

स्लॅबची खोली

बेळगावात माझा व्यवसाय नुकताच स्थिरावत होता. श्रावणातल्या एका सकाळी खानापूरकडच्या एका खेड्यातून अठरा दिवसांच्या मुलीला घेऊन तिची आई आणि आजी आल्या. बाळ दूध ओढत नव्हते, सुस्त होते. ताप नव्हता. आईचे डोके फुटायला आले होते आणि वाटेत तिला दोन वांत्या झाल्या होत्या. अठरा दिवसांचे सुस्त बाळ म्हटल्यावर आपण सारेच जे करू तेच मी केले. रक्तदोषाचा संशय धरून दाखल करून घेतले, तपासणीसाठी रक्त पाठवले, प्रतिजैविके सुरू केली. नुकताच, बरेच पैसे मोजून घेतलेला पल्स ऑक्सिमीटर बाळाच्या पायाला लावला. आकडा ९८. मनाला दिलासा वाटला.

संध्याकाळपर्यंत बाळ दूध पिऊ लागले. आईची डोकेदुखीही गेली. तिची डोकेदुखी मी बाळंतपणाच्या जागरणाच्या खाती टाकली होती आणि बाळाच्या सुधारणेचे श्रेय प्रतिजैविकांना देऊन मोकळा झालो होतो. रक्ततपासणीत जंतू मिळाले नाहीत. चौथ्या दिवशी मी त्यांना घरी पाठवले.

दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे ती तिघेही पुन्हा दारात उभी. बाळ या वेळी हाताला लुळे लागत होते. आईला उभे राहवत नव्हते. आजी भिंतीला धरून चालत होती. ऑक्सिमीटरचा आकडा पुन्हा ९८. माझ्या हातापायांतले बळ गेले. तेवढ्यात आजी आपल्या परीने मला धीर देत म्हणाली, “डाक्टर, थंडी बाधली म्हणावं तर खोलीत काय कमी नाही बघा. नवीन स्लॅबची खोली. खिडकीला पोतं लावलंय. रात्रभर शेगडी ठेवतोय. तोंडावर घमेलं निम्मं सरकवलं की निखारं पहाटेपर्यंत टिकत्यात.”

हे वाक्य ऐकले आणि डोळ्यांपुढून पडदा सरकावा तसे झाले. तिघांना एकाच वेळी डोकेदुखी आणि मळमळ. ताप कोणालाच नाही. घर सोडून दवाखान्यात आले की बरे, घरी परतले की पुन्हा आजार. हा जंतूंचा स्वभाव नव्हे, वायूचा आहे. मी तिघांना ऑक्सिजन लावला; बाळाला हूडमधून, दोघींना मुखवट्यातून. रक्तातील कार्बन मोनॉक्साइड मोजण्याची सोय माझ्याजवळ नव्हती. निदान आजीच्या त्या वाक्यावरच झाले. दुपारपर्यंत तिघीही सावरल्या. आधीचे चार दिवस त्यांना औषधाने नव्हे, तर माझ्या दवाखान्यातल्या साध्या हवेने बरे केले होते, आणि मी त्यांना हाताने धरून पुन्हा त्याच खोलीत पाठवले होते.

ऑक्सिमीटर खोटे का बोलला, हे वैद्यकीय वाचकांना ठाऊक आहे, इतरांसाठी सांगतो. हे यंत्र रक्तातून प्रकाश पाठवून त्याच्या रंगावरून ऑक्सिजनचा अंदाज करते. कार्बन मोनॉक्साइडने भरलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनने भरलेल्यासारखेच दिसते. हा वायू ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट जोमाने हिमोग्लोबिनला चिकटतो. साध्या हवेत तो रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास. तान्ह्या मुलाचा श्वास मिनिटाला चाळीस ते साठ. वजनाच्या मानाने ते मोठ्यांपेक्षा पुष्कळ अधिक हवा घेते, म्हणून विषही लवकर घेते. पुस्तकात लिहिलेला लालबुंद वर्ण जिवंत रुग्णात क्वचितच दिसतो. त्याची वाट पाहत बसू नये.

त्या संध्याकाळी मी स्वतः ती खोली पाहायला गेलो. कर्ज काढून बांधलेली, घरातली सर्वांत चांगली खोली सुनेला दिलेली होती. यात प्रेमाशिवाय दुसरे काही नव्हते. शेजारीच जुने घर होते, मंगळुरी कौलांचे. त्या घरात पिढ्यान् पिढ्या बाळंतिणीच्या खाटेजवळ शेगडी ठेवली गेली होती आणि असे काही झाल्याचे कोणाला आठवत नव्हते. मी कौलांकडे पाहिले आणि उत्तर मिळाले. कौलांच्या फटींतून ते घर श्वास घेत होते. आमच्या आजीचे स्वयंपाकघरही तसेच होते. राखेखालचा तिचा विस्तव रात्रभर तोच वायू सोडत असे, पण तो छपरातून निघून जाई. सवय तीच राहिली, छप्पर मात्र बदलले.

लाकूड जळते म्हणजे काय?

त्या प्रसंगानंतर मी जळण या विषयाचा जमेल तसा अभ्यास केला. सांगण्याजोगे सार थोडके आहे.

लाकूड तीन टप्प्यांत जळते. पहिल्यात त्यातले पाणी उडते. ओल्या, ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणीच असू शकते, आणि उकळत्या पाण्याच्या १ किलोची वाफ करायला ५४० किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. ओले लाकूड ‘जास्त वेळ टिकते’ असे म्हणणारा माणूस वस्तुतः लाकडाच्या उष्णतेवर लाकडातलेच पाणी उकळत असतो. दुसऱ्या टप्प्यात, साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे, लाकडातून वायू आणि बाष्पे निघू लागतात. वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग असा उडून जातो. आपण जिला ज्वाळा म्हणतो ती या वायूंची असते, लाकडाची नव्हे. तिसऱ्या टप्प्यात उरतो कोळसा, म्हणजे निखारा.

हवा कमी केल्याचा परिणाम या टप्प्यांवर निरनिराळा होतो. दुसऱ्या टप्प्यातले वायू जळायला दोन गोष्टी लागतात : भरपूर उष्णता आणि ज्वाळेच्या जागी मिळणारी हवा. ऐन वायू निघत असताना दार लावले तर वायू निघायचे थांबत नाहीत, फक्त जळायचे थांबतात. ते धूर होऊन बाहेर पडतात. धूर म्हणजे न जळलेले जळण. आपण तो डोळ्यांत आणि फुप्फुसांत साठवतो. तिसऱ्या टप्प्यात धूर नसतो, म्हणून तो निर्धोक वाटतो. इथेच फसगत होते. निखाऱ्यांच्या तळाशी हवेतला ऑक्सिजन कार्बनशी मिळून कार्बन डायऑक्साइड होतो. तोच वरच्या तापलेल्या कोळशांतून जाताना आणखी कार्बन उचलतो आणि कार्बन मोनॉक्साइड बनतो. शेगडीच्या तोंडाशी दिसणारी निळसर ज्योत हा त्याच वायूच्या जळण्याचा पुरावा. वर घमेले सरकवले की ती ज्योत विझते आणि वायू तसाच खोलीत येतो. त्याला रंग नाही, वास नाही.

जांबोटीची बंदिस्त चूल

एवढे शिकूनही मी पुन्हा एकदा चुकलोच. काही वर्षांपूर्वी जांबोटीच्या पुढे एक लहानसे घर घेतले. पावसाळ्यात तिथे भिंतींना ओल सुटते आणि कपडे वाळत नाहीत. म्हणून एका वेल्डरकडून जाड पत्र्याची बंद दाराची चूल करून घेतली. खाली हवेचे सरकते दार, वर छपराबाहेर जाणारे धुराडे आणि धुराड्यात हाताने फिरवायची चकती. वायूची धास्ती होती, म्हणून खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्रही बसवले. रात्री एकदा लाकूड भरावे आणि सकाळपर्यंत ऊब राहावी, ही माझी हौस. मी चूल काठोकाठ भरी, पेट घेतला की खालचे दार लावी आणि वरची चकती आडवी करी. लाकूड खरोखरच सकाळपर्यंत पुरे. मी मनातून खूष होतो.

दुसऱ्याच महिन्यात धुराड्याच्या सांध्यांतून डांबरासारखा काळा रस ठिबकू लागला. घरात ऊबही विशेष जाणवत नव्हती. जळले नव्हते ते लाकूड डांबर होऊन नळीत चिकटले होते, आणि तेच डांबर एके दिवशी पेटले असते तर छप्पर गेले असते. धुराडे साफ करायला आलेल्या वृद्ध गवंड्याने नळीत डोकावून पाहिले आणि मला म्हणाला, “साहेब, आगीला दोन तोंडं. खालचं खायला, वरचं सोडायला. खायला कमी द्या, पण सोडायचं तोंड बांधू नका.” आमच्या शरीरशास्त्राच्या कोणत्याही व्याख्यानात मी याहून नेमके वाक्य ऐकलेले नाही.

माझी ही चूक अमेरिकेसारख्या देशाने मोठ्या प्रमाणावर केली होती. १९७३ च्या तेलटंचाईनंतर तिथे हवाबंद लोखंडी चुलींना मोठी मागणी आली. रात्रभर जळणारी चूल हेच त्यांचे आकर्षण. परिणामी हिवाळ्यात वस्त्यांवर धुराचे थर साचू लागले आणि धुराड्यांना आगी लागू लागल्या. अखेर १९८८ मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेने चुलीतून तासाला किती ग्रॅम धूर बाहेर पडावा याची मर्यादा घातली. ती कडक होत होत २०२० पासून नव्या चुलींसाठी साधारण २ ग्रॅमवर आली आहे. या मर्यादेत बसण्यासाठी चुलीत दुसरी हवा देण्याची युक्ती रूढ झाली. खालची हवा कमी केली तरी ज्वाळेच्या वरच्या बाजूला, बारीक भोकांतून, तापवलेली हवा सोडायची, म्हणजे निघालेला वायू तिथेच जळतो.

मी माझ्या वेल्डरकडून तशी भोकांची नळी चुलीच्या आत माथ्याखाली बसवून घेतली. आता माझा क्रम ठरलेला आहे. लाकूड किमान एक उन्हाळा वाळलेले. बहुधा काजूच्या छाटणीचे किंवा पडलेल्या बाभळीचे. पेटवताना दोन्ही तोंडे पूर्ण उघडी. पहिली पंधरा-वीस मिनिटे आग मोकळेपणाने भडकू द्यायची, म्हणजे चूल आणि नळी दोन्ही तापतात. मग निखारे पुढे, हवेच्या दाराशी ओढायचे आणि मागे दोन-तीन जाड ओंडके एकमेकांना चिकटवून ठेवायचे. बारीक ढलप्या एकदम पेटतात. जाड ओंडका पुढून मागे सावकाश जळत जातो. आग लांबवण्याची खरी किल्ली हवेपेक्षा ओंडक्याच्या जाडीत आणि रचनेत अधिक आहे, हे मला फार उशिरा उमगले. ओंडके चांगले धरले की खालची हवा एकदम नव्हे, दहा-दहा मिनिटांनी थोडी थोडी कमी करायची. वरच्या चकतीला हात लावायचा नाही. प्रत्येक वेळी बाहेर जाऊन धुराड्याच्या टोकाकडे पाहायचे. तिथे नुसती थरथरती गरम हवा दिसली तर ठीक. करडा-निळा धूर दिसला की हवा पुन्हा थोडी वाढवायची.

इतके करूनही चूल सकाळपर्यंत जळत नाही, आणि आता मला त्याची खंतही नाही. चुलीभोवती मी जांभ्या दगडाची अडीच हात उंच भिंत रचून घेतली आहे. संध्याकाळी दोन-तीन तास आग मोकळेपणाने जळते, दगड ती उष्णता पितो आणि मग रात्री बराच वेळ सावकाश परत देतो. रशिया, फिनलंड अशा कडक थंडीच्या देशांत विटांच्या अवजड भट्ट्या याच तत्त्वावर पिढ्यान् पिढ्या चालत आल्या आहेत. आपल्याला हवी असते ती ऊब; आग हे तिचे साधन. ऊब दगडात, पाण्यात, पांघरुणात साठवता येते. आग मात्र कोंडून साठवता येत नाही. ती विष होऊन बाहेर पडते.

धुराचा हिशेब

हा विचार आपल्या देशात नवा नाही. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. एस. पी. राजू यांनी १९५३ मध्ये बिनधुराच्या स्वयंपाकघरांवर पुस्तकच लिहिले. वर्ध्याच्या मगनवाडीतून मगन चूल आली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील ‘अस्त्र’ या केंद्राने तीन भांड्यांची, धुराडे असलेली ‘अस्त्र ओले’ तयार केली. आपल्या भागात कानडी ‘ओले’ म्हणजे चूल, हे सांगायला नको. १९८० च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि २००२ मध्ये तो राज्यांवर सोपवला गेला. अनेक घरांत त्या चुली टिकल्या नाहीत. धुराडे काजळीने बुजले, भोके मोडली, दुरुस्तीला कोणी आले नाही. चूल ही वस्तू नसून सवय आहे, आणि सवयीला सोबत लागते.

बालरोगशास्त्रानेही या धुराचा मागोवा घेतला आहे. कर्क स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने आपल्या भारतीय सहकाऱ्यांसह गुजरातमधील चार खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासात किती धूर जातो हे मोजले. ते काम १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि घरातल्या धुराकडे जगाचे लक्ष गेले. पुढे त्यांच्याच पुढाकाराने ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात सुमारे ५०० घरांत पाहणी झाली. निम्म्या घरांना धुराड्याची चूल दिली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की मुलांच्या वाट्याचा कार्बन मोनॉक्साइड जवळपास निम्मा झाला. एकूण न्यूमोनियातील घट संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरती उतरली नाही, मात्र गंभीर न्यूमोनिया कमी झाल्याचे आढळले. मलावी देशात दहा हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या, २०१७ च्या पाहणीत सुधारित चुलींमुळे न्यूमोनिया घटला नाही. तमिळनाडूसह चार देशांत गरोदर स्त्रियांना गॅस पुरवून झालेल्या मोठ्या पाहणीतही बाळाच्या जन्मवजनात (२०२२) किंवा गंभीर न्यूमोनियात (२०२४) अपेक्षित फरक दिसला नाही.

हे निष्कर्ष वाचून कोणी म्हणेल, मग धुराचे एवढे काय? मी त्यांतून वेगळा बोध घेतो. न्यूमोनियाला कुपोषण, गर्दी, लसीकरणाचा अभाव अशी अनेक कारणे आहेत. एक चूल बदलल्याने ती सगळी बदलत नाहीत. शेजारची चूल धुमसत असेल तर आपल्या खिडकीतून धूर येतोच. म्हणून चुलीला सर्व रोगांचे मूळ ठरवू नये आणि निर्दोषही ठरवू नये. पण बंद खोलीतली शेगडी ही सरासरीची बाब नाही. तिथे एका रात्रीत एक घर उजाड होऊ शकते.

विचारण्याचा एक प्रश्न

२०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गॅस पुष्कळ घरांत पोचला. तरीही आपल्या भागात अंघोळीचे पाणी, पावसाळ्यातली ऊब आणि बाळंतिणीचा शेक अजून लाकूड-कोळशावर आहे. म्हणून माझ्या तरुण सहकाऱ्यांना विनंती आहे. पावसाळ्यात किंवा थंडीत एकाच घरातले दोघे-तिघे डोकेदुखी आणि मळमळ घेऊन आले, ताप नसला, तर एक प्रश्न अवश्य विचारा : “रात्री खोलीत शेगडी होती का, आणि दार बंद होते का?” यंत्रातला ९८ आकडा पाहून निश्चिंत होऊ नका. संशय आला की आधी ऑक्सिजन लावा, नंतर तपासण्या. आणि घरी पाठवण्यापूर्वी त्या खोलीची चौकशी करा. मी ती केली नव्हती.

घरच्या वाचकांना सांगणे एवढेच. शेक द्यायचा तर शेगडी बाहेर पूर्ण पेटवून, खिडकी उघडी ठेवून, जागेपणी द्या, आणि निजण्यापूर्वी ती खोलीबाहेर काढा. आत न्यायची असेल तर ऊब न्या : गरम पाण्याची पिशवी, तापवून फडक्यात गुंडाळलेली वीट, आणि बाळासाठी तर या सर्वांपेक्षा चांगली अशी आईची कूस. पिशवी आणि वीट बाळाच्या अंगाला लागू देऊ नका.

गेल्या वर्षी, आषाढात, माझ्या बाह्यरुग्ण विभागात एक तरुण स्त्री आपल्या तान्ह्या मुलाला घेऊन आली. बाळंतपणासाठी ती माहेरी आली होती. सोबत तिची आई होती. तिने ओळख दिली तेव्हा मी उभाच राहिलो. १९९९ मधले ते लुळे पडलेले बाळ आता स्वतः आई होऊन समोर बसले होते. आजी दोन वर्षांपूर्वी वारली, असे कळले. मी विचारले, “खोली तीच का?” आई हसली आणि म्हणाली, “खोली तीच, डॉक्टर. पण सासूबाईंनी त्याच वर्षी खिडकीची वरची काच काढून टाकली होती. पाऊस आत येतोय म्हणून आम्ही कितीदा बसवायला काढली, त्यांनी जन्मभर बसवू दिली नाही.”

मी बाळाचे वजन केले, छाती तपासली. दोन्ही बाजूंना हवा छान जात होती.